बोटांना विचारून बसवलेला कळफलक

शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता पूनम सागर सोसायटीतल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, ईश्वर सामंतांनी शालूच्या लॅपटॉपमधली मूळ यंत्रणा पुसून टाकली. पुढच्या रविवारी सकाळी दहाला शालूची टायपिंगची चाचणी होती.

"पुसलं, काका?" शालूने विचारलं.

"पुसलं."

"सगळंच?"

"तुझं त्यात होतं काय? धनेशचे तीन फोटो आणि एक अर्धवट बघितलेला पिक्चर. ते पेनड्राइव्हवर काढून ठेवलेत."

"मंग जाऊ दे. पिक्चरपन त्याचाच हाय."

शालू भाईंदरजवळच्या चौक गावची. वय बेचाळीस. सकाळी भाईंदरच्या बाजारात मासळी विकायची आणि दुपारी अभ्यास करायची. एका निमसरकारी कार्यालयातल्या लिपिकाच्या जागेची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता मिनिटाला तीस मराठी शब्द टाइप करून दाखवायचे होते. पुढच्या जाहिरातीपर्यंत तिचं वय उलटून जाणार होतं. म्हणजे ही संधी गेली की विषय संपला.

टायपिंग तिला येत होतं. पंधरा वर्षांपूर्वी ती मनोरमाबाईंच्या क्लासमध्ये शिकली होती. ईश्वररावांच्या पत्नी मनोरमाबाईंनी तो क्लास बावीस वर्षं चालवला आणि जागेचा करार संपला तेव्हा यंत्रांसकट बंद केला. शालूला घरी सराव करता यावा म्हणून तिच्या भावाने, धनेशने, कुणाकडून तरी जुना मॅक आणला. दिसायला चकाचक होता. पण चाचणी रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या, कळफलकावर होती, आणि मॅकमध्ये मराठीचे दोन कळफलक असूनही नेमका तो नव्हता.

"भावाने आणला तो नुसतं दिसणं बघून," मनोरमाबाई म्हणाल्या. "नवरीसुद्धा कुणी अशी बघत नाही आता."

लिनक्स या फुकट मिळणाऱ्या यंत्रणेत रेमिंग्टन मिळतो हे ईश्वररावांना ठाऊक होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून सोसायटीतल्या चार म्हाताऱ्या कॉम्प्युटरांना त्यांनी लिनक्स घालून पुन्हा उभं केलं होतं. मॅक मात्र पहिलाच. सुरू करताना एक बटण दाबून धरायचं, मग पेनड्राइव्ह निवडायचा, इथवर सगळं कागदावर लिहून घेतल्याप्रमाणे झालं. दहाच्या सुमारास लिनक्स बसलं. आवाज येऊ लागला, पडद्याचा उजेड कमीजास्त करता आला, वायफाय मात्र दिसेना. ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, इंटरनेटवरून घ्यायचा होता आणि इंटरनेट यायला वायफाय हवं होतं.

"बत्तीस वर्षं लोकांचे फोन जोडले," मनोरमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आता अडलात कुठे?"

"अगं, फोनच जोडतोय," म्हणत ईश्वररावांनी आपला मोबाइल वायरने लॅपटॉपला लावला. मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपने घेतलं, ड्रायव्हर उतरला, आणि अकराला वायफाय लागलं. शालूने आपल्या मासळीतून आणलेल्या करंद्या तोवर धुऊन झाल्या होत्या.

अडचण त्यानंतर आली. रेमिंग्टन निवडून शालूने पहिली ओळ टाइप केली आणि हात मागे घेतला. "बाई, ह्यो आपला न्हाय. ळ दाबला तर भलतंच येतंय."

ईश्वररावांनी इंटरनेटवर रेमिंग्टनचे तक्ते शोधले. दोन मिळाले. त्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, आणि लिनक्सशी दोघांचंही नव्हतं. परीक्षेच्या सूचनेत एकच शब्द होता, रेमिंग्टन.

"त्यात काय एवढं?" मनोरमाबाई हात पुसत आल्या. "मी काढून देते तक्ता. हजार पोरं शिकवलीत मी." त्यांनी कागदावर चौकोन आखले आणि न थांबता अक्षरं भरली. ईश्वररावांनी त्याप्रमाणे अकरा कळा बदलल्या. शालूने पुन्हा ओळ टाइप केली. आता तर 'बाजार'सुद्धा येईना.

"पंधरा वर्षांत तुझी बोटं गंजलीत," बाई म्हणाल्या.

"माझी गंजली, मंग तुम्ही करून दावा."

बाई बसल्या. त्यांनाही 'बाजार' आला नाही.

"हे बघा, आता हसू नका," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

ईश्वरराव हसत नव्हते. वायरींच्या जंजाळात डोकं घालून उभी हयात काढलेल्या त्या माणसाला एक गोष्ट ओळखीची वाटली होती. कुठली वायर कुठे जाते हे विचारलं तर आपल्यालाही सांगता यायचं नाही, पण हात बरोबर जायचा. आणि क्लासमध्ये बाई पोरांच्या हातांवर रुमाल टाकायच्या, कळांकडे बघू द्यायच्या नाहीत. ज्या कळा कधी बघितल्याच नाहीत त्यांचं चित्र काढायचं कसं?

त्यांनी केलेले सगळे बदल परत फिरवले, कळफलक साधा इंग्रजी केला, कोरं पान उघडलं आणि पडद्यावर टॉवेल टाकला.

"डोळे मीट," ते बायकोला म्हणाले. "मी सांगतो ते मराठीत टाइप कर. काय उमटतंय याची चौकशी करायची नाही."

"म्हणजे आंधळी कोशिंबीर."

"कमळ. ढगाळ. कोऱ्या वह्या. ऋण. ज्ञानदा. श्रावणघेवडा."

"श्रावणघेवडा कशाला?"

"मला आवडतो म्हणून. टाइप कर."

बाईंची बोटं चालू लागली. ती अशी काही धावली की ईश्वररावांना सांगायला शब्द पुरेनात. त्यांनी नातेवाइकांची नावं सांगितली, भाज्या सांगितल्या, शेवटी शेजारच्या हंसाबेनचा पत्ता सांगितला. टॉवेल काढला तेव्हा पानभर इंग्रजी अक्षरांचा काला होता. पण त्यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे बाईंच्या बोटाने दाबलेली एक कळ होती. ईश्वररावांनी पेन्सिल घेतली आणि लिनक्सच्या यादीशी एकेक कळ ताडून पाहिली. सव्वा तास लागला. बाकी सगळी अक्षरं जुळली, फरक निघाला तीनच ठिकाणी. ळ, 'कोऱ्या'मधला अर्धा र आणि ऋ.

"आणि तुम्ही अकरा बदलले," शालू म्हणाली.

"बाईंच्या सांगण्यावरून."

"तोंडाचं ऐकलं तुम्ही," मनोरमाबाई म्हणाल्या. "बोटांना आधी विचारायचं."

ईश्वररावांनी लिनक्सच्या यादीतल्या त्या तीन ओळी दुरुस्त केल्या. शालूने खुर्ची ओढली, पाठ ताठ केली आणि टाइप करायला लागली. पहिल्यांदा मिनिटाला एकवीस शब्द आले, दुसऱ्यांदा चोवीस. बाई मागे उभ्या राहून टेबलावर ताल धरत होत्या.

"बाई, पन परीक्षेत तुमच्या बोटांवानी नसला तर?" तिने मध्येच विचारलं.

चुकीची सवय लागली तर आठ दिवसांत ती सुटणार नाही हे बाईंना पक्कं माहीत होतं. "माझ्या पोरी याच बोटांवर पास झाल्यात," एवढंच त्या म्हणाल्या.

जेवणं दोनला झाली. शालू लॅपटॉप पदराखाली घेऊन बसने चौकला गेली. त्या आठवड्यात तिने रोज संध्याकाळी आपला वेग फोन करून सांगितला. बुधवारी अठ्ठावीस, शुक्रवारी बत्तीस.

रविवारी साडेअकराला परीक्षा केंद्राच्या फाटकातून तिचा फोन आला. ईश्वररावांनी तो स्पीकरवर टाकला.

"ळ बरोबर हाय! अर्धा र बरोबर हाय!"

"ऋ?" बाईंनी विचारलं.

"उताऱ्यात आलाच न्हाय."

उतारा साडेतीनशे शब्दांचा होता आणि पास व्हायला दहा मिनिटांत तीनशे शब्द बिनचूक हवे होते. शालूच्या दोन ओळी राहिल्या. चुका किती झाल्या ते पडद्यावर दाखवलं नाही. बाईंनी तिच्याकडून शेवटचा टाइप केलेला शब्द कुठला ते विचारून घेतलं आणि हिशेब मांडला. तीसपर्यंत चुका चालणार होत्या.

"तीस होणार नाहीत," त्या फोन ठेवल्यावर म्हणाल्या. "होतील का हो?"

"तुझी विद्यार्थिनी. तुला माहीत."

संकेतस्थळावर यादी बुधवारी लागणार होती, ती लागली नाही. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता ईश्वररावांनी पुन्हा पाहिलं. शालूच्या क्रमांकापुढे 'तपासणी सुरू' असं होतं.