तीन इंची चाकं

"वाळूत चालन अशी सायकल पाह्यजे, मिस्त्री," खुशालराव म्हणाले आणि दुकानापुढच्या फळीवर अंग टाकल्यासारखे बसले.

देवमन एका गिऱ्हाइकाच्या टायरवर अंगठा दाबून पाहत होता. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याच्या अंगठ्याचा दबदबा होता. त्यानं हवा भरलेलं चाक म्हणजे दगड. अंगठा दुखेल पण टायर दबणार नाही. शेजारचे मिस्त्री चिडवत, "देवमन हवा नाई भरत, शिसं भरते." असं कुणी म्हटलं की हा गडी मनातून फुलायचा आणि वरून कपाळाला आठ्या घालायचा.

"वाळूत सायकल चालत नाई साहेब. वाळूत सायकल खांद्यावर बसते," तो म्हणाला.

"तेच तं सांगून राहिलो. पंधरा दिवसांमागं माह्या खांद्यावरच बसली होती."

खुशालराव सरकारी देवी टोचणारे होते. खाकी पिशवी, सुयांची डबी आणि बर्फात ठेवलेल्या लसीचा थर्मास घेऊन ते गावोगाव फिरत. अकोल्याहून पूर्णेचा काठ सोळा मैल, तो सडकेनं निभावून जाई. पण पलीकडच्या सांगवीला जायचं तर कडेनं सगळे नाले आणि घळी, म्हणून वाट नदीच्या कोरड्या पात्रातूनच दोन मैल जाते. चैत्र-वैशाखात तिथली वाळू तव्यासारखी तापते. चाक रुतलं की माणूस सायकल ओढतो, थर्मासातल्या बर्फाचं पाणी होतं, पाणी कोमट होतं आणि लस मरते. मेलेली लस दिसायला जिवंत लसीसारखीच असते, हा तिचा सगळ्यात मोठा खोडसाळपणा.

"साठ दंड टोचले त्या रोजी," खुशालराव म्हणाले. "आठव्या दिवशी पाह्यले गेलो, तं एकाचीबी उठली नाई. एक फोड नाई. सगळे दंड कोरे."

"मंग पुन्हा टोचा."

खुशालरावांनी आवाज खाली आणला. "आता बाई आली तिथं."

कोणती बाई, हे विचारायची गरज नव्हती. देवीचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, एवढं वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. देवमनच्या चेहऱ्यावर तर तिनं सही करूनच ठेवली होती. सातव्या वर्षी ती येऊन गेली आणि गाल चाळणी करून गेली.

"कोन्या घरी?"

"कुंभाराच्या. तुमच्या शालूच्या घरापासून चौथं घर." खुशालराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "त्या साठात शालू होती मिस्त्री. तिचं लेकरूबी. पोरीनं सोताहून दंड पुढं केला होता."

देवमननं पंप खाली ठेवला.

त्याची लेक शालू चार वर्षांची असताना असाच एक टोचणारा त्यांच्या गावात आला होता. देवमनची आई चतुराबाई म्हणाली, "सुई लावली का माता कोपते, पोरगी लपव." देवमननं आईचं ऐकलं. उंबरठ्याच्या आत कपाशीचा ढीग होता, त्यात त्यानं शालूला गळ्यापर्यंत पुरलं आणि वरून दोन टोपल्या कापूस टाकला. टोचणाऱ्याला सांगितलं, पोरगी मामाकडे गेली. पुढं छप्पन साली सगळ्यांबरोबर देवमननंही दीक्षा घेतली, घरातला देव्हारा मोर्णा नदीत सोडला. देव सोडणं एका दिवसाचं काम होतं. भीती मात्र पाण्यात सोडली तरी तरंगतच राहिली. शालूचा दंड लग्नापर्यंत कोराच राहिला, आणि शेवटी तिनंच तो पुढं केला तर लस मेलेली निघाली.

"उद्या नवी लस येते," खुशालराव म्हणाले. "बर्फाच्या कारखान्यात ठेवतो मी ते. पण वाळूतून नेऊ कसा?"

"चला," देवमन म्हणाला आणि दुकान उघडं टाकूनच निघाला.

गोवर्धन भंगारवाल्याच्या वखारीत लढाईनंतर लिलावात काढलेला लष्कराचा माल अजून पडून होता. तिथं देवमनला दोन प्रकारची चाकं मिळाली. एक जोडी दोन इंची, इंजिनवाल्या जुन्या सायकलची. हलकी, आणि चाक धरणाऱ्या साध्या चिमट्यात थोडं ठोकठाक केलं की बसणारी. दुसरी जोडी लष्करी मोटारसायकलची, रिम तीन इंच रुंद, टायरवर बोटबोट जाडीच्या चकत्या. ती सायकलीला बसवायची तर पुढचा चिमटा कापून रुंद करावा लागणार, मागचा सांगाडा फाकवावा लागणार आणि सगळे आरे नव्यानं ओवावे लागणार.

"दोन इंची आज सांजपर्यंत तयार होते," देवमन स्वतःशीच बोलावं तसं बोलला.

"आनं तीन इंची?"

"तीन रोज."

गोवर्धननं तीन इंची टायरवर थाप मारली. "हे पाह्य, चकत्या पाह्य! वाळूले धरून ठेवीन वाघावानी. ते दोन इंची काय, रुतलं का बसलंच."

देवमननं दोन्ही रिमा हातात घेऊन तोलल्या. उन्हात उभा राहून त्यानं दोन इंची टायरवर अंगठा दाबला, तीन इंचीवर दाबला. दुकानात फुशारकी मारणारा हा माणूस त्या घटकेला इतका घाबरला होता की त्याला स्वतःच्या अंगठ्याचंही खरं वाटेना.

"माणूस रस्त्यात अडकला तं लस पुन्हा मरन," तो शेवटी म्हणाला. "रुंदच घेऊ. एक डाव उशीर झाला तं चालन, पण पोचलं पाह्यजे."

तीन दिवस देवमन धड जेवला नाही. चिमटा कापला, लोहाराकडून सांधून आणला. एकेक आरा ओवला, चाक फिरवून खडूनं बाक पाहिला, पुन्हा आवळला. मडगार्ड बसेना, ते फेकून दिलं. त्याची बायको मैनाबाई भाकर घेऊन दुकानात आली आणि त्या अजस्र चाकांकडे पाहून म्हणाली, "हे काय रेडा बनवून राहिले काय? माही पोर तिकडं आगीजवळ बसली, आनं तुमी इथी चाक फिरवून राहिले! तसेच पायी काहून नाई गेले?"

"मी जाऊन काय करू? माह्यापाशी लस हाय काय?" देवमन खेकसला. मग हळूच म्हणाला, "जाऊन राहिलो ना. या चाकावरच जाऊन राहिलो."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं हवा भरली. शंभर झटके, वर आणखी वीस. अंगठा दाबला, दगड. मोर्णेच्या पात्रात उतरून त्यानं सायकल चालवून पाहिली, तर ती सतरंजीवर चालावी तशी गेली. पुलावर माणसं जमली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मोर्णेची वाळू खाली पाणी धरून असते, ओली आणि दाबलेली असते, हे त्या कौतुकात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. देवमनच्याही नाही.

चौथ्या दिवशी पहाटेच दोघं निघाले. मोठ्या चाकांवर खुशालराव, मागं थर्मास ओल्या फडक्यात गुंडाळून बांधलेला. साध्या सायकलवर देवमन. पूर्णेच्या काठाला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. देवमननं आपली सायकल बाभळीला टेकवून ठेवली.

चाळीस पावलांवर तीन इंची चाक रुतलं.

खुशालराव उतरले, ढकलली, पुन्हा बसले. पुन्हा रुतलं. त्या जाड चकत्यांनी वाळू धरायच्या ऐवजी उकरली, नांगराच्या फाळासारखी तासं काढली. कोरडी वाळू दोन्हीकडून घसरून चाकावर येऊ लागली. एवढी वजनदार सायकल ओढायची म्हणजे पहिल्यापेक्षा वाईट.

"मिस्त्री," खुशालराव म्हणाले. बास, एवढंच म्हणाले, आणि सूर्याकडे पाहिलं.

देवमन धावत आला, गुडघ्यांवर बसला. काय करावं ते सुचेना तेव्हा हातानं सवयीचं तेच केलं. अंगठा टायरवर दाबला. दगड होता. पलीकडून एक म्हैस डबक्याकडं चालली होती. पाय टेकला की तिचे खूर फाकत, वाळूवर पसरत आणि वर निघताना पुन्हा जवळ येत. ती आरामात चालली होती. देवमन तिच्या पायांकडे पाहत राहिला. मग त्यानं व्हॉल्व्हची टोपी काढली आणि नखानं आतली पिन दाबली.

"ओ, काय करून राहिले? हवा काहून सोडता?"

"दगड वाळूत बुडते साहेब."

फुस्स करून हवा जाऊ लागली. पंचवीस वर्षं ज्या टणकपणावर त्यानं नाव कमावलं, तो टणकपणा त्या सुनसान पात्रात मिनिटभरात निघून गेला. टायर दबला, रुंद झाला, तळाशी पसरला. खुशालराव बसले. चाक निघालं. डुगडुगत, जडपणानं, पण वरच्या वर निघालं, आणि बघता बघता वळणाआड गेलं.

देवमन चाकाच्या त्या रुंद खुणेवरून पायी चालू लागला. वीसेक पावलं गेला असेल नसेल, आणि मध्येच थांबला. हवाच सोडायची होती, तर दोन इंची चाकही निघालं असतं. दोन इंची चाक पहिल्याच दिवशी संध्याकाळी तयार होत होतं.

सांगवीत शालूच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे लटकत होते. शालूची सासू जाईबाई उंबरठ्यावर बसली होती. ती देवमनकडं न बघताच म्हणाली, "काल सांजपासून ताप हाय. आंग फोडून काढलं पोरीचं."

खुशालरावांनी शालूच्या आठ महिन्यांच्या लेकीला, सुजाताला, टोचलं होतं आणि शेजारच्या घरी हलवायला लावलं होतं. शालूकडे एकदा पाहून त्यांनी डबी बंद केली होती.

"तिले टोचा ना," देवमन म्हणाला.

"आता उपेग नाई मिस्त्री."

"दोन रोज आधी आलो असतो तं?"

"तरीबी नाई. ताप यायच्या लय आधीच ते आत बसलेली असते."

"नक्की?"

"नक्की म्हणजे... आमाले तसंच शिकवलं हाय."

"मंग घ्या शप्पथ. लेकराची शप्पथ घ्या."

खुशालरावांनी फडकं पिळलं, थर्मासाला गुंडाळलं आणि पुढच्या घरी गेले. शपथ घेतली नाही.

देवमनला एकदा देवी येऊन गेलेली, त्याला आता तिची भीती नव्हती. शालूजवळ तोच बसला. पाणी पाजलं, निंबाच्या पाल्यानं वारा घातला. अकोटच्या कापसाच्या जिनातून जावई पुंजाजी आला, त्याला देवमननं दारातच थांबवलं आणि लेकराकडं पाठवलं. शालूच्या अंगावर फोड वर आलेच नाहीत; कातडीखालीच काळं उतरत गेलं. ते काय असतं, हे देवमननं लहानपणी शेजारच्या खाटेवर पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी ती डोळे मिटूनच म्हणाली, "बाबा, मले तुमी कपाशीत लपवलं होतं, आठवते काय?"

"हाव माय."

"लय गरम लागे आतमंदी. तसंच लागून राहिलं." थोड्या वेळानं म्हणाली, "सुजाची उठली काय?"

"आठ रोज लागतेत. उठन."

"पाह्यजा नीट. मागल्या खेपीनं मी रोज पाहे, काहीच नाई निंघालं."

सातव्या दिवशी पहाटे शालू गेली. गावातली चार माणसंही लवकर पुढं होईनात. पुंजाजीनं आणि देवमननं तिला नेलं.

आठव्या दिवशी खुशालराव आले. रुंद चाकांची सायकल त्यांनी कुंपणाला लावली आणि शेजारच्या घरी गेले. मागोमाग देवमन गेला. सुजाता पुंजाजीच्या मांडीवर होती. तिच्या इवल्याशा दंडावर मोत्यासारखा, मध्ये किंचित दबलेला, टपोरा फोड आला होता.

"उठली," खुशालराव म्हणाले. "चांगली उठली. गावात तेवीस जणांची उठली मिस्त्री."

देवमनचा अंगठा आपोआप पुढं झाला होता. तो फोडाच्या वर, केसभर अंतरावर थांबला.

"दाबू नका," खुशालराव म्हणाले.

"नाई दाबत," देवमन म्हणाला. त्यानं हात मागं घेतला आणि धोतराला पुसला. मग, खूप दिवसांनी, तो रडला; तोंड न झाकता, सगळ्यांसमोर.

खुशालरावांना पुढच्या गावाला जायचं होतं, पात्रातून आणखी मैलभर वर. देवमन सुजाताला कडेवर घेऊन काठापर्यंत गेला. सायकल वाळूत उतरवण्याआधी खुशालरावांनी विचारलं, "हवा बरोबर हाय काय?"

देवमननं लेकरू एका हातानं सावरलं आणि खाली बसला. त्यानं अंगठा लावून पाहिला नाही. टोपी काढून पिन दाबली आणि हवा जात असताना म्हणाला, "थोडी आणखीन सोडतो."

फुस्स आवाजानं सुजाता दचकली आणि मग वाकून चाकाकडे बघू लागली. खुशालराव वाळूतून निघाले. ऊन लेकराच्या डोळ्यांवर येत होतं म्हणून देवमन थोडा वळून, पाठ उन्हाकडे करून उभा राहिला.