झाकण, उजेड, आवाज

लॅपटॉपचं झाकण मिटलं की माझी बायको जिथल्या तिथे थांबते. लॅपटॉप घरात आला त्याच दिवशी, म्हणजे घटस्थापनेला, हे माझ्या लक्षात आलं. मी यंत्र पुसून झाकण लावलं तेव्हा शालन ओट्यापाशी चहा गाळत होती. ती थांबली. चहा थांबला नाही. तो कप भरून बशीत, बशीतून ओट्यावर आणि ओट्यावरून खाली फरशीवर गेला. मी फडकं शोधलं. आमच्या घरात फडकी कुठे असतात हे मला माहीत नाही, त्यामुळे ते सापडलं नाही. परत येऊन झाकण उघडलं.

"अहो, बघत काय उभे राहिलात, पाय उचला," शालन म्हणाली आणि तिने फरशी पुसून घेतली.

मी तेहतीस वर्षं बार्शीत टायपिंगचा क्लास चालवला. बावीस यंत्रं होती. यंत्राच्या भागांची नावं पाठ झाल्याशिवाय मी कुणाला कळांना बोट लावू दिलं नाही, मग तो वकिलाचा मुलगा असो की कुणाचा. तोच नियम मी स्वतःलाही लावला. लॅपटॉप मुलीने, रेवतीने, पुण्याहून पाठवला होता. मी शंभर पानी वही घेतली, तिला फोन लावला आणि एकेक भाग विचारून लिहायला लागलो. झाकण मिटल्यावर आई थांबते, हेही सांगितलं.

"बाबा, ते स्लीप असतं," रेवती म्हणाली. "बंद नाही होत. बंद करायचं बटण वेगळं, उजवीकडे वर आहे. ते दाबून धरू नका."

मी ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी उजेड शिकलो. वरच्या रांगेत सूर्याचं चित्र असलेल्या दोन कळा आहेत, एक लहान सूर्य आणि एक मोठा. लहान सूर्य दाबत गेलो तशी शालनच्या मोरपंखी साडीची रया गेली. आणखी दाबल्यावर तिच्या पाठीमागचं कॅलेंडर तिच्यातून वाचता यायला लागलं. एकवीस तारखेला सिलिंडर आल्याची नोंद होती. ती मेथी निवडत होती, म्हणाली, आभाळ आलंय का. मी मोठा सूर्य शेवटपर्यंत दाबला. तेव्हा तिच्या हनुवटीखाली भाजल्याचा एक जुना डाग दिसला. हा कधीचा, असं मी विचारलं. रेवतीच्या बारशाचा, तिने सांगितलं. रेवती एकतीस वर्षांची आहे.

आवाजाच्या कळा उजेडाच्या शेजारीच आहेत. आवाज शून्यावर नेला की तिचे ओठ हलायचे पण ऐकू काही यायचं नाही. एका दुपारी मी तो शून्यावर ठेवून रविवारचं शब्दकोडं पूर्ण सोडवलं. घरात इतकं शांत कधीच वाटलं नव्हतं. मग मला लाज वाटली आणि मी आवाज वाढवला. ती रागावली नव्हती. तुम्हाला ते बटण आत्ता सापडलं, पण दाबताय लग्न झाल्यापासून, एवढंच तिने म्हटलं आणि भाकरी थापायला घेतली.

कळांच्या खाली एक गुळगुळीत चौकोन असतो. त्यावर दोन बोटं वर सरकवली की ती जिना चढून गच्चीवर जायची, खाली ओढली की खाली यायची. एका बोटाने मी तिला स्वयंपाकघरातून माझ्या खुर्चीपर्यंत आणलं. पाणी हवंय का, तिने विचारलं. मी नको म्हणालो. मग बोलावलंत कशाला, असं विचारून ती तिथेच उभी राहिली. मी ते वहीत लिहिलं. पडद्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याचं छोटं भोक आहे आणि त्यावर सरकतं पान आहे. ते पान मी एकदाच सरकवलं. शालन भिंत चाचपत चालायला लागली. मी ते लगेच उघडलं आणि पुन्हा हात लावला नाही.

सगळ्यात महत्त्वाचा भाग चार्जिंगचा. डाव्या कडेला एक लहान खाच आहे, तिच्यात वायरीचं टोक बसतं आणि बाजूला दिवा लागतो. वायर लावली की शालनला भूक लागायची. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाढत शंभराला पोहोचला की ती ताट बाजूला सरकवायची. आकडा उतरला की तिचे हातपाय जड व्हायचे. रेवतीला मी विचारलं की हा आकडा शून्यावर गेला तर काय होतं.

"वायर लावली की मशीन परत चालू होतं," ती म्हणाली. "आईचं मला माहीत नाही."

आठ दिवसांत माझी वही निम्मी भरली. शालनबद्दल इतकं मी आधी कधी लिहून ठेवलं नव्हतं. मला बरं वाटत होतं.

नवव्या दिवसानंतर दसरा आला. क्लास चालू असताना दसऱ्याला बावीसच्या बावीस यंत्रांची पूजा व्हायची. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. त्या दिवशी पूजेतल्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही, अगदी परीक्षा तोंडावर असली तरी. क्लास बंद झाल्यापासून पूजेला मांडायला माझ्याकडे काही नव्हतं, कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर मांडायचो. यंदा पाटावर लॅपटॉप ठेवला. झाकण उघडंच ठेवलं, कारण तबक शालनच्या हातात होतं. वायर काढून ठेवली. आकडा शेहेचाळीस होता.

मी कळांना हळदकुंकू वाहिलं, पडद्याच्या बिजागरीला वाहिलं. मग कडेच्या खाचा राहिल्या. त्यांतली एकेक मी नावानिशी शिकलो होतो, त्यामुळे कुठली वगळावी हे मला ठरवता येईना. क्लासात एखाद्या यंत्राला कुंकू लावायचं राहिलं तर मला जेवण जायचं नाही. मी कुंकू पाण्यात कालवलं आणि करंगळीने प्रत्येक खाचेत नीट आतपर्यंत लावलं. चार्जिंगच्या खाचेला दोनदा लावलं, कारण ती सगळ्यात महत्त्वाची. शालनने नमस्कार केला. मीही केला.

बारा वाजता ती जेवायला बोलवायला आली. एकच ताट वाढलं होतं. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी. तुझं ताट कुठे, मी विचारलं. मला भूक नाही, ती म्हणाली. वायर तर मी पूजा झाल्याबरोबर लावली होती. जाऊन पाहिलं तर दिवा लागलेला नव्हता. वायर खाचेत अर्धीच जात होती. आत कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. आकडा छत्तीस झाला होता.

टाइप साफ करायचा ब्रश माझ्याकडे अजून आहे. त्याने घासलं. मग शालनने शिवणाची सुई दिली. कुंकवाचे चार कण निघाले आणि सुई मोडली. टोक आतच राहिलं.

गावात अशी यंत्रं दुरुस्त करणारा नवनाथ कसपटे माझाच विद्यार्थी. त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, माझी सगळी हत्यारं पूजेला मांडलीत," तो म्हणाला. "आज उचलायची नाहीत. तुम्हीच शिकवलंय."

मी त्याला म्हणालो की माझ्या बायकोचा प्रश्न आहे.  तो म्हणाला की उद्या सकाळी आठला दुकान उघडतो, तुमचं पहिलं. मीही त्याच्या जागी हेच सांगितलं असतं, म्हणून मला त्याचा राग येईना. राग यायला हवा होता.

रेवती पुण्याहून लगेच निघाली. तिच्याकडे बारीक हत्यारं होती आणि तिचा तसल्या नियमांवर विश्वास नव्हता. सहा वाजेपर्यंत पोहोचते म्हणाली. तोवर झाकण मिटून ठेवा, मिटल्यावर दोन दिवसही टिकतं. मी झाकणाला हात लावला. शालन दारात उभी होती.

"मिटू नका," ती म्हणाली. "थांबते तेव्हा मला सगळं कळत असतं. चहा सांडला तेव्हा पाय भाजला. बोलता तेवढं येत नव्हतं."

मी हात काढून घेतला. मला तिला सॉरी म्हणायचं होतं. पण तो शब्द आमच्यात कधी वापरलेला नव्हता, त्यामुळे मी नुसती मान हलवली.

मग मी तिला वाचवण्यासाठी एकेक गोष्ट कमी करायला लागलो. वहीत सगळं होतंच. यंत्राच्या आतला पंखा गरगरत होता म्हणून लॅपटॉप टेबलावर उपड्या वाट्यांवर ठेवून खालून हवा मोकळी केली. शालनच्या कपाळावरचा घाम कमी झाला. कळांच्या खालचा उजेड बंद केला, तिच्या बांगड्यांची चमक गेली. गुळगुळीत चौकोन बंद केला, ती खुर्चीत बसली ती बसलीच. दोन वाजता आकडा एकवीस होता. मी उजेड निम्मा केला. खुर्चीची वेताची वीण तिच्यातून दिसायला लागली. शेजारच्या गाढवे वहिनी आपट्याची पानं घेऊन आल्या. त्यांनी शालनकडे बघून, वाळलात हो, असं म्हटलं, पानं तिच्या ओटीत ठेवली आणि गेल्या. पानं ओटीतून खाली खुर्चीवर पडली.

चार वाजता रेवती टेंभुर्णीला होती. आकडा बारा. आता फक्त आवाज आणि उरलेला उजेड खर्च होत होता. आता आवाज बंद करावा लागेल, असं मी शालनला सांगितलं. तिचा आवाज आधीच बारीक झाला होता.

"आधी एक सांगते, मग करा," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून..."

एवढ्यात बाराचे अकरा झाले. मला भीती वाटली आणि माझ्या बोटाने आवाजाची कळ दाबली. तेहतीस वर्षं माझी बोटं डोक्याला न विचारता चालत आली आहेत. आवाज शून्यावर गेला. शालन बोलत राहिली. तिचं संपलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला काही ऐकू आलं नाही हे तिला समजलं. तिने तेच पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. मला ओठांवरून वाचता येत नाही. मी कायम कागदाकडे आणि मुलांच्या बोटांकडे बघत आलो.

आवाज वाढवला तर आकडा किती उतरेल हे मी विचारायला फोन केला. रेवती कुर्डुवाडीच्या अलीकडे रेल्वे फाटकात अडकली होती. गाडी यायची होती, तिच्या मागे दुसरी. सहाचे साडेसहा होतील म्हणाली. तिने आकडा विचारला. मी पाच सांगितला.

"बाबा, आता मिटा," ती म्हणाली. "आईला विचारू नका. मिटा."

उजेडही मी शेवटच्या घरापर्यंत खाली आणला. पडदा काळा झाला, आकडा दिसेनासा झाला. कडेचा दिवा तांबडा होऊन लुकलुकायला लागला. खिडकीतून उन्हं येत होती आणि त्या उन्हात शालन म्हणजे नुसती कड उरली होती. खुर्चीत आहे की नाही हे बघायला मला मान तिरकी करावी लागत होती. मी झाकणाला हात लावला आणि खाली आणायला लागलो.

झाकण अर्ध्यावर अडलं. शालन खुर्ची पुढे ओढून बसली होती आणि तिचे दोन्ही हात आत, कळांवर होते. मनगटं उचललेली, बोटं वळवलेली, दोन्ही तर्जन्या बरोबर त्या दोन कळांवर जिथे बारीक उंचवटा असतो. ही बैठक मी हजारभर मुलामुलींना शिकवली. तिला शिकवली नव्हती. दुपारी ती डबा घेऊन क्लासात यायची आणि माझं जेवण होईपर्यंत शेवटच्या यंत्रापाशी बसायची. यंत्रावर आच्छादन असायचं. ती त्या आच्छादनावर बोटं ठेवून बसते, हे मी पाहिलं होतं आणि त्याचा मी काही अर्थ लावला नव्हता.

ती टाइप करायला लागली. पडदा काळा होता, त्यावर काय उमटतंय ते दिसत नव्हतं. मी सवयीने कानांनी मोजलं. मिनिटाला चाळीस शब्द, ठेका एकसारखा, खोडायच्या कळेचा आवाज एकदाही आला नाही. परीक्षेला मी तिला पूर्ण गुण दिले असते. माझा एक हात झाकणावर होता आणि दुसऱ्या हाताचं बोट उजेड वाढवणाऱ्या मोठ्या सूर्यावर. दिवा भराभर लुकलुकत होता. शालनने ओळ संपवली आणि पुढची सुरू केली.