दुपारी तीनचा अडकित्ता

“गोळी कापायला अडकित्ता वापरणारी बाई अख्ख्या भांडुपात तू एकटीच असशील,” नंदकुमार चहाच्या कपात तोंड घालून पुटपुटले. स्वयंपाकघर एवढंसं, की कपातलं पुटपुटणंही सुलक्षणाच्या कानात पडलं.

“तुम्ही आणलेला तो प्लॅस्टिकचा कटर भुगा करतो, अहो. पाव गोळीचा भुगा काय चिमटीने मोजू?”

अडकित्ता सासूबाईंचा. वनमालाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. दुपारी तीनच्या ठोक्याला त्या आतल्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसायच्या आणि सुपारी कातरायच्या. कट्. मग बराच वेळ काही नाही. मग कट्. इतकं सावकाश, की पुढच्या कट्ची वाट बघत ऐकणाऱ्याचाच श्वास अडायचा.

सुलक्षणाची गोळी त्याच्याही आधीची. लिफ्टमध्ये जीव घाबराघुबरा व्हायला लागला तेव्हा महिन्याभराची पाहुणी म्हणून आली आणि चार वर्षं ठाण मांडून बसली. आता मुलुंडच्या नव्या डॉक्टरबाई तिला हळूहळू दाराकडे सरकवत होत्या. अख्खीची पाऊण, पाऊणची अर्धी, अर्धीची पाव. पावावर सुलक्षणा एकदा आपटली होती. हात थरथरायचे, अंगभर मुंग्या, कुकरची शिट्टी झाली तरी रडू. मुकाट परत अर्धीवर आली.

“पाय घसरला तर एक पायरी मागे यायचं,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “जिना सोडून द्यायचा नाही. या दिवसांत कान फार तिखट होतात. विचित्र काही ऐकू आलं तर घरच्यांना विचारा. त्यांनाही आलं, तर तो आवाज. नाही आलं, तर वहीत लिहा आणि मला सांगा.”

दुसऱ्यांदा पावावर आली त्याच्या नवव्या दिवशी, दुपारी ती हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत असताना आतल्या रिकाम्या खोलीतून आलं. कट्.

“काही वाजलं का हो?”

“छे गं,” म्हणत नंदकुमारांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

लेक प्रांजल जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिसचं काम करत होती. “मला तर काहीच नाही आलं यार, आई,” म्हणाली आणि कानांवर हेडफोन चढवले.

सुलक्षणाने वहीत लिहिलं : भास, एक.

पुढच्या शुक्रवारपर्यंत भास सात झाले. एरवी मालिकांच्या नावाने बोटं मोडणारे नंदकुमार तीनला पाच कमी असताना आपणहून रिमोट शोधायला लागले. प्रांजलच्या मीटिंगा नेमक्या तीनलाच लागायच्या. माझी दशा बघवत नाही बिचाऱ्यांना, सुलक्षणा समजली. माणसं मायेपोटीसुद्धा कान झाकून घेतात.

एकदा ती धीर करून खोलीत गेली. पलंग, भिंतीवरचं कॅलेंडर, बंद खिडकी. ताणून घातलेल्या चादरीवर मधोमध एक खळगा, मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा. तिने तो हाताने साफ केला. दुसऱ्या दिवशी तो परत होता, आणि ओल्या सुपारीचा वास होता. वास तिने वहीत लिहिला नाही. डॉक्टरबाईंनी आवाजाचंच सांगितलं होतं ना.

शनिवारी दुपारी ती अडकित्ता पुसत हॉलमध्ये आली आणि पुसता पुसता खाली बसली.

“हरले मी,” ती म्हणाली. “आज संध्याकाळी डॉक्टरबाईंना फोन करते. म्हणते, नाही जमत मला. अख्खी गोळी द्या, जन्मभर द्या. डोकं फिरण्यापेक्षा ती बरी.”

घड्याळात तीनला मिनिट कमी. नंदकुमारांचा हात रिमोटकडे गेला, पण सुलक्षणाने तो आधी उचलला आणि टीव्ही बंद केला. मग उठून प्रांजलचे हेडफोन टेबलावरून काढून घेतले. “आज जरा शांत बसा माझ्याजवळ. शेवटचा भास आहे, नीट लिहून घेऊ दे.” वही मांडीवर घेऊन ती परत बसली.

कट्.

तिने हाताकडे पाहिलं. अडकित्ता तिच्याच मुठीत होता, मिटलेला, गारेगार.

मग तिने दोघांकडे पाहिलं. गोळी खाणाऱ्या बाईकडे माणसं कशी बघतात ते तिला चार वर्षांत पाठ झालं होतं. ही दोघं तिच्याकडे बघतच नव्हती. दोघांचीही नजर आतल्या खोलीच्या दाराला खिळलेली, आणि दोघांनीही श्वास धरला होता.

कट्.

दोघांनी एकदमच श्वास सोडला.

“बाबा, सांगा ना आता,” प्रांजल अगदी हलक्या आवाजात म्हणाली. “तिची अख्खी गोळी परत सुरू होईल हो.”

नंदकुमारांनी सुलक्षणाच्या मांडीवरची वही उचलली आणि मिटली.

“सुलू, यातला एकही भास नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही हे रोज ऐकतोय. गोळीच्या गुंगीत तुलाच तेवढं ऐकू येत नव्हतं.”