परसूअण्णांच्या मळ्यातली थोरली वेल

या मित्रांनो, अस्से मांडवाखाली सरकून बसा. आज तुम्हांला आमच्या घराण्याची गोष्ट सांगते. मी एक जुनी द्राक्षवेल आहे. जे. पी. नगरच्या पुढे, उंच इमारतींच्या मधोमध आमचा चिमुकला मळा आहे आणि त्यात सगळ्यांत थोरली मी!

परसूअण्णा बेळगावाकडून बेंगळुरूला आले, तेव्हा इथे नुसती लाल माती होती. त्यांनी माझी काडी रोवली, दगडी खांब उभे केले, तारा ओढल्या. माझ्याच काड्यांपासून बाकीच्या वेली झाल्या. दसरा झाला की अण्णा आम्हांला छाटत आणि मांडवाखाली कीर्तन ठेवत. झांजा वाजू लागल्या की माझ्या अंगावरचे कोंब डोलतच फुटत. मग पहिला घड देवाला, दुसरा बुवांना आणि उरलेल्यांवर पोरांची धाड! काय सांगू तो आनंद!

अण्णा देवाघरी गेले आणि मळा त्यांच्या मुलाकडे, महांतेशकडे आला. त्याची माया फार. "अण्णांच्या हातच्या वेली. त्यांना कात्री लावायची नाही," असं त्याने ठरवलं. रोज पाणी घाली, हळदकुंकू वाही. पण मित्रांनो, छाटल्यावाचून द्राक्षवेल नीट फळत नाही. मी पानांनी गच्च झाले. घड काही धरेना.

शेवटी त्याची बायको चंपा म्हणाली, "स्वल्प विचार करा हो. वर फळ नाही, खाली नुसते डास. उन्हाळ्यात मांडव काढून टाकू."

महांतेश मान खाली घालून म्हणाला, "सरी, काढू."

माझी मुळं थरारली. आता सगळंच संपणार होतं!

निरोपाचं म्हणून दसऱ्यानंतर कीर्तन ठेवलं. जयनगरहून योगीराजबुवा आले. कित्येक वर्षांत त्यांच्याकडे घड पोचला नव्हता, वर मात्र पानांचं रान माजलेलं. ते म्हणाले, "महांतेश, देवाला नुसता पाला? अरे, देव म्हणजे काय शेळी आहे?"

सगळे पोट धरून हसले. महांतेशची मुलगी रंजिता मात्र विचारात पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कात्री घेऊनच आली.

"अप्पा, मी छाटते."

"अण्णांची वेल आहे ती!"

"अण्णाच तर छाटायचे. मी मागून काड्या वेचायची."

कात्री चालली. कापलेल्या टोकांतून टपटप पाणी गळू लागलं. महांतेश कळवळला, "बघ, रडतेय ती!"

"रडत नाही अप्पा, जागी होतेय."

खरंच सांगत होती पोर! महाशिवरात्रीच्या सुमारास माझ्या अंगावर काळेभोर घड लटकले. पहिला घड देवापुढे गेला. मग चंपानेच एक मणी तोंडात टाकला आणि ती म्हणाली, "अगं बाई, गोड आहे की! राहू दे मांडव. डासांचं बघू काहीतरी."

मित्रांनो, झाडांवर माया करा, पण त्यांना काय हवं तेही विचारात घ्या. आणि पुढे कधी द्राक्षं खाल, तेव्हा आमच्या रंजिताची आठवण काढा. वडील कळवळले, तरी तिची कात्री थांबली नाही.