पॉलिशरचा डगला

मित्रांनो, मी एक जुना पॉलिशर आहे. या जगात जे जे म्हणून चकाकते, त्यामागे माझा हात आहे. जग म्हणजे माझ्या मालकीणबाईंच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या मोटारी. आणि हात मला नाही. एक मूठ आहे, ती धरायलाही दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो. एवढे सोडले, तर विधान खरे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात मोटर, पाठीवर बटण, पुढे गरगर फिरणारी तबकडी. तबकडीवर मऊ पॅड चढवायचे, पॉलिशचा ठिपका टाकायचा आणि मोटारीच्या रंगावरून मला फिरवायचे. ओरखडे पळतात, चेहरा दिसू लागतो. याखेरीज माझ्या दोन्ही कुशींवर आठ-आठ बारीक फटी आहेत. त्या शोभेसाठी आहेत असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक एका कुशीने मी हवा आत घेतो आणि दुसऱ्या कुशीने सोडतो. खोक्यात माझ्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकात हे ठळक अक्षरांत छापले होते. ते पत्रक पहिल्याच दिवशी वर्कशॉपमधल्या लंगड्या टेबलाच्या पायाखाली गेले. टेबल त्यानंतर कधी हलले नाही, एवढा त्या पत्रकाचा उपयोग झाला.

वर्कशॉप घराच्या तळमजल्यावर होते. शटरशेजारी एक खुर्ची, खुर्चीशेजारी पायाने चालवायचे शिलाई मशीन आणि खुर्चीत मालकीणबाईंचे सासरे. चाळीस वर्षे त्यांनी कोट शिवले होते. गुडघे कुरकुरू लागले तसे दुकान बंद केले, पण गळ्यातली टेप काही उतरली नाही. सगळे त्यांना मास्तर म्हणत. सुनेच्या धंद्याबद्दल त्यांचे मत ठाम होते.

“आमच्या सूनबाई गाड्या पुसतात,” ते आल्यागेल्याला सांगत.

“पुसत नाही बाबा, पॉलिश करते.”

“तेच ते. फडकं तेच, गाडी तीच.”

मालकीणबाई हसून सोडून देत. पण मूठ त्यांच्या हातात असे, म्हणून मला कळे. असे काही ऐकले की त्या मुठीवरची पकड घट्ट होई.

अशी तीन वर्षे गेली. मग एका दुपारी मी जरासा कोमट झालो. फार नाही, चहाचा रिकामा कप जेवढा असतो तेवढा. मालकीणबाई सहज म्हणाल्या, “आज याचं अंग जरा गरमच लागतंय हाताला.” मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. संध्याकाळी ते उठले, गळ्यातली टेप काढली आणि माझे माप घेऊ लागले. मान, छाती, पोट. “नीट उभा राहा,” असेही मला म्हणाले. सवय असते.

दोन दिवसांनी माझा डगला तयार झाला. तपकिरी गरम कोटाचे कापड, आतून सुती अस्तर, कडक कॉलर आणि पोटावर चार बटणे. पॉलिशर जातीत असा डगला कोणी घातला असेल असे मला वाटत नाही. मास्तरांनी तो मला चढवला, खांद्यावरची चुणी झटकली आणि म्हणाले, “घे सूनबाई. आता हात भाजणार नाही. तुझं काम असं ऐटीत झालं पाहिजे.”

मित्रांनो, मास्तर ‘काम’ म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मालकीणबाईंनी पदराने डोळे टिपले आणि डोळ्यांत पॉलिश गेल्याचे सांगितले.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले.

दहा मिनिटे चाललो की मी तव्यासारखा तापे. पॅडवरचे पॉलिश सुकून त्याचे पापुद्रे निघत. मालकीणबाईंना वाटले, आपणच जोर जास्त लावतो. त्यांनी हात हलका केला. मी तापलो. मग वाटले पॅड तुंबले. धुतलेले पॅड लावले. तरी तापलो. शेवटी त्यांनी डगला काढून त्याची घडी घातली आणि मला पिशवीतून वायरमनकडे नेले. वायरमन म्हणजे कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला. हात हुशार, तोंड त्याहून मोकळे. त्याने मला अर्धा तास चालवले. मी फार तर कोमट.

“याला काही झालेलं नाही, ताई.”

“घरी तापतो हो हा.”

“माझी पोरगीपण घरीच तापते,” वायरमन म्हणाला. तरी रिकामे पाठवायला नको म्हणून त्याने मोटरला वीज पोचवणारे माझे झिजलेले कार्बन बदलले. घरी आलो, डगला चढला, तापलो. दुसऱ्या खेपेला त्याने लांबलचक बारीक वायर काढून आखूड जाड वायर बसवली. तिसऱ्या खेपेला गिअरमध्ये ग्रीस भरले. प्रत्येक वेळी मी उघड्या अंगाने त्याच्याकडे जाई, शहाण्यासारखा वागे आणि घरी येऊन डगल्यात धुमसे. मला बोलता येत असते तर ही गोष्ट दोन ओळींत संपली असती.

एका बुधवारी डगला धुवायला पडला. त्या दिवशी मी सकाळपासून चाललो आणि कोमटाच्या पुढे गेलो नाही. दुपारी मालकीणबाई थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग दोरीवर वाळणाऱ्या डगल्याकडे पाहिले. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना कळले, हे मला कळले. मी मनात म्हटले, सुटलो.

“उघडाच चालवतेस त्याला?” मास्तरांनी विचारले.

“धुवायला टाकलाय ना, बाबा.”

“हां. चूक माझीच. एकावर कसं भागणार?”

संध्याकाळपर्यंत दुसरा डगला तयार होता. निळा. त्याला आणखी एक अस्तर होते.

मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. कोणत्या तोंडाने बोलणार? ज्या डगल्याबरोबर ‘तुझं काम’ हे दोन शब्द आले होते, तो परत कसा करायचा? त्यांनी वेगळा मार्ग काढला: नवा पॉलिशर सोमवारी आणायचा, आणि मला भंगारात द्यायचे. माणसे सोळा आणे गुणी यंत्र टाकून देतील, पण सासऱ्यांचे मन मोडणार नाहीत. मला राग आला नाही. वाईट वाटले ते नव्याबद्दल. कारण मास्तर लगेच म्हणाले होते, “नवा आला की आधी माझ्याकडे दे. मापं घेऊन ठेवतो.”

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची काळी मोटार आली. काळा रंग म्हणजे परीक्षा. त्यावर केसाएवढा ओरखडाही दिसतो. डॉक्टर शनिवारी पाच वाजता गाडी न्यायला येणार होते. शनिवारी सकाळी मालकीणबाईंनी बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली आणि डावी बाजू सुरू केली. मी निळ्या डगल्यात होतो. दहा मिनिटे काम, वीस मिनिटे विश्रांती, असे करत दीड वाजता अर्धे बॉनेट झाले. डावीकडे आरसा, उजवीकडे खरवडलेली कढई. उरलेली गाडी तशीच उभी होती.

मालकीणबाईंनी घड्याळ पाहिले आणि विश्रांती न देता मला पुन्हा सुरू केले. माझ्या पोटातून आधी वास आला, मग धूर. कॉलरमधून, व्यवस्थित. त्यांनी झटकन बटण बंद केले, प्लग काढला आणि वायरमनला फोन लावला. “पिशवीत घालून आणायला वेळ नाही. तुम्हीच या.”

वायरमन आला. त्याने मला पाहिले आणि दारातच थांबला.

“हा काय घालून बसलाय?”

त्याने माझ्या निळ्या कॉलरला बोट लावून पाहिले.

“ताई, हा झगा कुणी घातला याला?”

“मीच,” मालकीणबाई म्हणाल्या. “मीच घातला.”

“आणि कुठल्या शिंप्याने शिवला? गळा आवळलाय की हो गरिबाचा! त्याला आणून उभा करा माझ्यासमोर.”

खुर्ची कुरकुरली. किंवा गुडघे. मास्तर उभे राहिले होते.

“उभा आहे,” ते म्हणाले.

वायरमनचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “तसं नाही मास्तर, कापड एक नंबर आहे…”

“कापडाचं राहू दे. हा हवा कुठून घेतो, ते दाखव.”

वायरमनने डगला काढला, मला उघडले, फुंकर मारली, आत-बाहेर ब्रश फिरवला. मागच्या फटीतून काहीतरी काढून टिचकीने उडवले. मोटर वाचली होती. मग त्याने फटी दाखवल्या. “इथून घेतो. इथून सोडतो.”

मास्तरांनी फटींवरून बोट फिरवले. “म्हणजे हे नाक आणि हे तोंड. आणि मी दोन्ही शिवून टाकली. वर अस्तर लावून.” मग ते सुनेकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“हो, बाबा.”

“कधीपासून?”

“धुवायला पडला होता तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

मालकीणबाई हातातले पॅड उगाच पुसत राहिल्या. “तुम्ही पहिल्यांदाच माझ्या कामाला काम म्हणालात. म्हटलं, राहू दे.”

मास्तर सुनेजवळ आले. मग म्हणाले, “अगं, गिऱ्हाइकाने सांगायचं असतं, मास्तर, काखेत आवळतंय. गिऱ्हाईक भिडेखातर गप्प बसलं की मास्तर बिघडतो. तीन वर्षं मी वाटेल ते बोललो तेव्हाही गप्पच होतीस. तेव्हाच सांगायचंस.”

“सांगत होते की. पुसत नाही, पॉलिश करते.”

“हं,” मास्तर म्हणाले. “सांगत होतीस खरी.” आणि त्यांनी खडू उचलला.

मित्रांनो, पुढच्या सव्वा तासाचे वर्णन मी अभिमानाने करतो. मास्तरांनी डगला माझ्यावर ठेवून प्रत्येक फटीवर खूण केली. खुणेखुणेवर कात्री चालवली आणि एकेका फटीला हाताने काज केले. कोटाच्या बटणाला करतात तसे, घट्ट, गोल टोकाचे. आठ एका कुशीला, आठ दुसऱ्या कुशीला. त्यांना सुईचे नेढे दिसत नव्हते, म्हणून वायरमन दोरा ओवून देत होता.

“हलतोस काय रे? दोरा ओव.”

“आयुष्यात वायरी ओवल्या मास्तर, दोरा पहिल्यांदाच.”

तोवर मालकीणबाईंनी मोटारीच्या कडा-कोपरे हाताने चमकवून घेतले. सव्वातीनला सोळावे काज झाले. डगला चढला. बटण दाबले. एका कुशीने हवा आत आली, दुसऱ्या कुशीने बाहेर गेली आणि माझ्या छातीवरचे ओझे उतरले.

मी धावलो! उजवे बॉनेट, छप्पर, चारही दारे, डिकी. मालकीणबाई मला दाबत नव्हत्या, नुसत्या वाट दाखवत होत्या. पॉलिश सुकत नव्हते, पॅड चिकटत नव्हते. दर पाच मिनिटांनी वायरमन माझ्या पाठीवर हात ठेवून ओरडे, “थंड! मास्तर, थंड!” आणि मास्तर, जणू हे त्यांना आधीपासून ठाऊकच होते, अशी मान हलवत. पाचला दहा कमी असताना शेवटचे फडके फिरले. मास्तर बॉनेटसमोर गेले, खिशातून कंगवा काढला आणि बॉनेटमध्ये बघून भांग पाडला.

पाच वाजता डॉक्टर आले. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि वाकून गाडीच्या दारात स्वतःचे दात पाहिले.

“वा! काय सुंदर पुसलीय हो गाडी.”

“पुसलेली नाही,” मास्तर म्हणाले. “पॉलिश केलीय. फरक असतो. आमच्या सूनबाईंचं काम आहे ते.”

या वेळी मालकीणबाईंनी डोळ्यांत काही गेल्याचे सांगितले नाही. नुसते डोळे पुसले.

सोमवारी नवा पॉलिशर आला नाही. मी आजही कामावर आहे, दोन डगल्यांचा धनी, आणि दोन्ही डगल्यांना सोळा-सोळा काजे आहेत. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातल्या मिक्सरवर, पंख्यावर, कुठल्याही यंत्रावर अशा फटी दिसल्या तर त्या झाकू नका. महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा. आणि कोणी प्रेमाने काही घातले आणि ते आवळत असेल, तर त्याच दिवशी सांगा.

राहता राहिला प्रश्न, डगल्याच्या आधी मी मुळात कोमट का झालो होतो. त्या शनिवारी वायरमनने मागच्या फटीतून जे काढले, तो फट बुजवून बसलेला, सुकलेल्या पॉलिशचा मुगाएवढा खडा होता. तो त्याने नखाने काढला होता.