काटा रंगात आहे

आमच्या भावजींनी सगळं आयुष्य हवामान खात्यात काढलं. त्यामुळे ठाम आवाजात चुकीचं बोलायची त्यांना सवय होती, आणि निवृत्तीनंतर ती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला. गच्चीवरच्या खोलीत यंत्रं मांडली, गच्चीभर तार ताणली आणि रोज संध्याकाळी ते जगाशी बोलू लागले. जग म्हणजे मुख्यतः एक दातांचे डॉक्टर आणि एक क्रेनवाला. दोघंही दूरच्या कुठल्या तरी गावांत, आपापल्या अडगळीच्या खोलीत बसून भावजींशी वाद घालायचे. विषय कुठलाही चालायचा.

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, यातलं काही ऐकत नसे. तिला ऐकूच येत नव्हतं. एका तापानंतर कान हळूहळू गेले ते गेलेच. कानात घालायचं यंत्र आणलं, ते तिने आठवडाभर लावलं आणि शिवणाच्या डब्यात टाकून दिलं. म्हणाली, "एवढं कानात खुपसून ऐकावं असं तुम्ही दोघं काही बोलत नाही."

समोरच्या माणसाचे ओठ बघून तिला सगळं कळायचं. पण नवरा गच्चीवर आणि ती खाली स्वयंपाकघरात, तर ओठ कुठून बघणार? चहा घेऊन जिना चढावा तर भावजी वादात गुंतलेले. हात वर करून 'थांब' म्हणायचे. ती थांबायची, चहा थांबायचा नाही. गार चहावरून त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरूनही झाली नसतील.

यावर भावजींनी जो उपाय काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकला असता. भंगारवाल्याकडून त्यांनी एक जुना अँटेना मीटर आणला. अँटेनाच्या तारेतून किती प्रवाह जातोय ते दाखवणारा, गोल, जाड काचेचा. त्याच्या पोटातली तापणारी बारीक तार आधीच्या मालकाने जाळून ठेवली होती. असले मीटर बहुतेक मालकाच्या उत्साहानेच मरतात. भावजींनी जळकी तार काढून टाकली. वर खिडकीशी अँटेनाच्या तारेत फेराइटची एक कडी ओवली, कडीवर तांब्याच्या तारेचे वेढे घेतले, त्यापुढे एका डबीत डायोड आणि प्रवाह अडवणारा रेझिस्टर बसवला, आणि तिथून दोन वायरी सोडल्या त्या थेट स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवरच्या मीटरपर्यंत. काटा नीट करायचं नाजूक काम माझ्याकडे आलं, कारण मी घड्याळजी. "भावजी, घड्याळाचा काटा निदान कुणी न बोलता फिरतो," मी म्हटलं. "म्हणून तर तुमच्या धंद्यात मजा नाही," ते म्हणाले.

त्यांचा सेट असा होता की माइकचं बटण दाबून धरून बोललं तरच तारेत प्रवाह जायचा. जोरात बोललं की काटा वर, गप्प बसलं की शून्यावर. तबकडीवरचे अँपिअरचे आकडे त्यांनी कागदाखाली झाकले आणि कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: गप्प आहे. बोलतो आहे. रंगात आहे. अगदी उजवीकडे, तांबड्या शाईत: भांडतो आहे.

ताईचं काम झालं. काटा 'गप्प'वर टेकला आणि टेकूनच राहिला, की ती चहा घेऊन निघायची. कुणी भेटायला आलं तर पाठ न वळवता सांगायची, "बसा थोडं. अजून भांडताहेत." आणि रात्री जेवताना विचारायची, "आज एकदम तांबड्यात गेलात. कशावरून?" भावजी घास बाजूला ठेवून सगळं परत सांगायचे, तोंड तिच्याकडे करून, सावकाश. कधी कधी मला वाटायचं, डॉक्टरांशी वाद घालायचा तो रात्री हे सांगता यावं म्हणून.

मग भावजींना खोकला लागला.

आधी डॉक्टरांनी, म्हणजे दातांच्या, रेडिओवर सांगितलं, "सर, तुमचा सिग्नल पडलाय. विहिरीतून बोलल्यासारखं येतं. अँटेनाचा जोड बघा." क्रेनवाल्यानेही तेच सांगितलं. हौशी रेडिओवाल्यांच्या जगात माणूस आजारी पडत नाही, अँटेना पडते. मी गच्चीवर चढलो, सगळे जोड खरवडून कथिलाचे नव्याने डाग दिले. सिग्नल होता तिथेच राहिला. भावजींनी माइकचा आवाज वाढवायची खुंटी शेवटापर्यंत पिळली. जिना चढताना मधल्या वळणावर ते थांबायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "इथून देखावा छान दिसतो." तिथून शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसायची.

शेवटी मीच त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्या बाईंनी फोटो उजेडावर धरला आणि फार वेळ बघत राहिल्या. "फुप्फुसं आखडत चालली आहेत," त्या म्हणाल्या. "किती वेगाने ते सांगता येत नाही. पण मागे फिरत नाहीत."

"म्हणजे आमच्या खात्यासारखंच तुमचं," भावजी म्हणाले. "अंदाज द्यायचा आणि छत्री ज्याची त्याने आणायची."

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "तुमच्या ताईला खोकला आहे म्हणून सांगायचं. बास."

"आणि तिला कळलं तर?"

"कशावरून कळणार? माझा आवाज ती काट्यावर बघते. काटा माझ्या ताब्यात आहे."

याचा अर्थ मला त्यांनी वर बोलावलं तेव्हा लागला. त्यांचे हात थरथरत होते, डाग देता येत नव्हता. मी खिडकीशी जाऊन ती डबी उघडली. रेझिस्टरच्या जागी कथिलाचा हा एवढा गोळा झालेला. जोडलं, काढलं, पुन्हा जोडलं. आवाज खचेल तसा ते आधीचा रेझिस्टर काढून त्याहून लहान लावत होते. अडथळा कमी झाला की त्याच आवाजाला काटा जास्त उडतो. त्यामुळे खाली स्वयंपाकघरात भावजी अजून पूर्वीइतकेच रंगात होते.

"कितीदा केलंत हे?"

"मोजायला मी काय छातीचा डॉक्टर आहे?" त्यांनी काड्यापेटी पुढे केली. काढलेले सगळे रेझिस्टर त्यात जपून ठेवलेले होते. "आता आणखी एक पायरी खाली. करा."

नवरा बायकोशी खोटं बोलायला मेहुण्याची मदत घेतो, हे काही जगात पहिल्यांदा घडत नसेल. पण सहसा ते खोटं इतकं मेहनतीचं नसतं. मी डाग दिला.

खाली आलो तर ताई बटाटे सोलत होती. "काय करत होतास वर?"

"जोड ढिला होता एक."

"बस इथे. काट्याकडे बघ."

वर भावजी सुरू झाले होते. काटा झोकात 'रंगात आहे'वर गेला. "छान रंगात आहेत की," मी म्हटलं. तोंड तिच्याकडे करून म्हटलं. त्याचा पश्चात्ताप लगेच झाला, कारण ती ओठांबरोबर बाकीचा चेहराही वाचते.

"वर जातो तेव्हा नको बघूस. खाली येतो तेव्हा बघ."

काटा खाली आला. पण 'गप्प'वर टेकला नाही. त्याच्या जरा वर अडकला, किंचित चढला, उतरला, परत चढला. वर भावजी बटण दाबून शब्द शोधत असणार. काट्याची नजर तिखट केली की ती नुसत्या आवाजापुरती तिखट होत नाही, सगळ्यासाठीच होते. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

"आधी दोन शब्दांच्या मधे तो खाली टेकायचा," ताई म्हणाली. तिच्या हातातली सुरी थांबली नव्हती. "आता टेकतच नाही. हा श्वास आहे ना त्यांचा?"

मी काट्यावरची नजर काढून बटाट्यांच्या सालींकडे वळवली.

"घड्याळजी म्हणवतोस आणि टिकटिक ओळखता येत नाही तुला?" मग तिने सुरी ठेवली. "अरे, मी कधीपासून बघतेय. मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. रोज काटा वर छान आणि खाली ही धाप. पूर्वी मला त्यांचं बोलणं दिसायचं, आता नुसतं दमणं दिसतं. पहिल्यासारखं करून दे ते."

"ताई, पहिल्यासारखं केलं तर काटा हलणारसुद्धा नाही."

"नाही हलला तरी चालेल. वर कधी जायचं ते मी त्याच्यावरून ठरवते ना? मग ते खरं नको?"

दुसऱ्या दिवशी भावजी आंघोळीला गेले तेव्हा मी काड्यापेटीतला सगळ्यात मोठा, पहिला रेझिस्टर काढला आणि जागच्या जागी लावला.

संध्याकाळी ताईने चहा ठेवला. भावजी जिना चढून गेले, वळणावर देखावा बघून. आम्ही दोघं फळीकडे बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने काटा 'गप्प'वरून केसभर उचलला गेला. केसभरच. 'बोलतो आहे' अजून लांब होतं. हा त्यांचा खरा आवाज.

ताईने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि निघाली. काटा टेकायची वाट न बघता ती वर गेली, असं त्या घरात आधी कधी घडलं नव्हतं. चहा ओट्यावरच राहिला.

मी काट्याकडे बघत बसलो. तो खाली टेकला होता. मग पुन्हा केसभर उठला, थरथरला, आणि तसाच राहिला. भावजी बटणावरचा अंगठा काढायला विसरले होते. डॉक्टरांशी ते बोलत नसणार, तेवढं मला कळत होतं. काटा कधी किंचित चढायचा, कधी बुडायचा. ओट्यावरच्या चहावर साय आली तरी तो पुरता टेकला नव्हता.

थंडी सरता सरता भावजी गेले. दातांचे डॉक्टर लांबचा प्रवास करून भेटायला आले. इतकी वर्षं भांडलेला माणूस भावजींना एकदाही न दिसता आम्हाला दिसला. बुटका, हळू बोलणारा. ताई आतल्या खोलीत होती. मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन मीटर दाखवला. त्यांनी चष्मा चढवून तबकडी वाचली. तांबड्या शाईपाशी थोडे हसले.

मला राहवलं नाही. चहा ओट्यावर राहिला त्या संध्याकाळी भावजी ताईला जे म्हणाले ते तिने ओठांवर पाहिलं होतं, आणि तिला विचारायची माझी छाती नव्हती. ते ऐकलेला माणूस माझ्यासमोर उभा होता. माझ्या वाट्याला नुसता काटा आला होता.

"डॉक्टर, एकदा भावजी बटण सोडायला विसरले होते. आठवतं? काय म्हणाले हो ते?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. रुमालाने पुसला, पुन्हा पुसला.

"अँटेनाचा जोड ढिला होता हो तेव्हा," ते म्हणाले. "काही कळलं नाही."

"हो," मी म्हटलं. "ढिलाच होता."