मामा की नवरा

"यंत्र लबाड न्हाई, पण लई शहाणपणा करतंय. म्हणून काय करायचं?" मी टेबलावर पट्टी आपटली.

"वाचल्याबिगर सही करायची न्हाई!" पंधराजण एका सुरात ओरडले.

बिदरच्या आमच्या धर्मादाय इस्पितळात फायली भरायला एआय आलं, तेव्हा ते नीट कसं वापरायचं हे शिकायला साहेबांनी मला बेंगळुरूला धाडलं. बावीस वर्षं फायली लिहिणारी पंचशीला परत येऊन बाकीच्या कारकुनांची एकदम मास्तरीण झाली. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं.

त्याच दिवशी, वर्गाच्या मधल्या सुट्टीत, माझ्या हाताखालची शैलश्री अकरा फायली घेऊन आली. "अक्का, घाई हाय. एआयनं समदं भरलंय, तुमची तेवढी सही पायजे."

एका हातात भजं, दुसऱ्या हातात पेन. अकराच्या अकरा सह्या ठोकल्या. कपाळ माझं!

त्यात भागम्माची फाईल होती. निंबर्गा गावची, वय एकतीस, दोन्ही किडन्या निकामी. नवरा अमरनाथ आपली एक द्यायला तयार होता आणि तपासण्याही जुळल्या होत्या. हा अमरनाथ तिचा सख्खा मामा. आमच्या भागात आईच्या भावाशी लग्न लागतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. यंत्राला वाटलं. एकच माणूस मामाही आणि नवराही, म्हणजे लिहिणाऱ्याची चूक, असं त्यानं परस्पर ठरवलं आणि नवरा काढून नुसता मामा ठेवला. नवऱ्याची किडनी इस्पितळातच मंजूर होते. मामा कायद्यानं जवळच्या नात्यात बसत नाही, त्याची असली की फाईल वरच्या समितीकडे जाते आणि तिथं आठवडेच्या आठवडे पडून राहते.

मी जन्माची इथली. एक नजर टाकली असती तरी कळलं असतं.

अमरनाथ दर सोमवारी माझ्यापुढे उभा राहायचा. "अक्का, कामून उशीर व्हायलाय? ती पार थकायलीय आता."

"वरचं काम हाय अण्णा. दम धरा."

फाईल उघडून बघावी असं तेव्हाही सुचलं नाही. सहाव्या आठवड्यात बघितली, तेव्हा चूक दिसली. धावतपळत दुरुस्तीचं पत्र केलं, साहेबांची सही घेतली. भागम्मा बुधवारी गेली. मंजुरी शुक्रवारी आली.

साहेबांनी, नरहररावांनी, दार लावून घेतलं. "पंचशीलाबाई, यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर तुम्ही घरी बसाल. समजलं? आणि पुढचा वर्ग जरा कडक घ्या."

पंधरा दिवसांनी अमरनाथ तिचे कागद न्यायला आला. नोकरी गेली तर गेली, आज सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"अण्णा, मला तुमाला एक..."

"मला म्हाईत हाय, अक्का." त्यानं मला पुढं बोलूच दिलं नाही. "मामा म्हणून फाईल अडकली व्हती. समितीच्या माणसानं फोनवर सांगितलं."

मी पेनाला टोपण लावलं. तो बोलतच राहिला.

"पहिल्या दिशी इथं लिहून घेतलं, तवा ती मला मामा, मामा म्हणून हाक मारायली व्हती. लगीन होऊन बारा वर्सं झाली, पर सवय मोडली न्हाई तिची. मी तिला गप बस म्हणायला पायजे व्हतं. तिथंच घोटाळा झाला. माझ्याच पायी गेली ती."

"आसं कुणी म्हणलं तुमाला?"

"म्हणायला कशाला पायजे? तिची आई, रत्नम्मा, माझी थोरली बहीण. तिच्या पायावर डोकं ठेवून कबूल केलो मी. तवापासून ती माझ्याशी बोलंना झालीय. तिचं तरी काय चुकलं? पोरगी माझ्या हवाली केलती तिनं."

साहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. बहिणीला भाऊ परत मिळाला असता.

"व्हतंय आसं कधी कधी, अण्णा," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "तुमी लई धावपळ केलात, अक्का. तुमचे उपकार हायेत." कागद पिशवीत घातले, बसलेली खुर्ची उचलून भिंतीला लावली, मला हात जोडले आणि जिना उतरून गेला.